नावापुरते गाव

काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याला चेन्नईत नोकरी लागली. कार्यालयाचा पत्ता होता पेरुंगुडी. त्याने फोनवर हे नाव सांगताच माझ्या आईने, म्हणजे त्याच्या आजीने, विचारले, "तिकडं पेरू लई पिकतात का रे?" घरातले सगळे हसले. भाचाही हसला. पण प्रश्न त्याच्या मनात राहिला. पंधरा दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला. "आजी, इथे पेरूचे एकही झाड दिसले नाही. काचेच्या इमारती मात्र पुष्कळ आहेत. सोबतच्या तमिळ मित्राला मी नावाचा अर्थ विचारला. पेरुम् म्हणजे मोठे आणि कुडी म्हणजे वस्ती. पेरुंगुडी म्हणजे मोठे गाव."

आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग आपलं बुद्रुकच की रे ते!"

माझ्या आईचे माहेर एका ‘बुद्रुक’ गावचे. तिला फारसी येत नाही, तमिळ येत नाही. तरीही दोन नावांमधील नाते तिने एका वाक्यात सांगितले आणि ते अगदी बरोबर होते. ‘बुद्रुक’ हा शब्द फारसीतील ‘बुजुर्ग’ या शब्दावरून आला आहे. बुजुर्ग म्हणजे वडील, थोर, मोठा. त्याचा जोडीदार ‘खुर्द’. खुर्द म्हणजे लहान. राज्यकारभाराचे कागद फारसीत लिहिले जात त्या काळात एकाच नावाची दोन गावे शेजारी असली की मोठ्या गावापुढे बुद्रुक आणि धाकट्यापुढे खुर्द असे लिहिण्याची पद्धत पडली. पुण्याजवळची वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द, आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द, कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द ही गावे आपल्या परिचयाची आहेत. आज शहरातील मुले ‘बुद्रुक’ हा शब्द ऐकून हसतात. त्यांना तो अडाणीपणाचा शिक्का वाटतो. प्रत्यक्षात तो मोठेपणाचा मान आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

गावाचे नाव विचित्र वाटते, ते बहुधा आपल्याला त्याची भाषा कळत नाही म्हणून. माझे म्हणणे असे आहे की, गावाचे नाव हा त्या गावाचा पहिला दस्तऐवज असतो. तो वाचता आला पाहिजे, जपता आला पाहिजे आणि त्यातला मजकूर माणसाचा अपमान करणारा असेल, तर तो दुरुस्तही करता आला पाहिजे. हे तिन्ही विचार एकत्र कसे नांदू शकतात, ते पाहू.

प्रथम पेरुंगुडीकडेच पुन्हा वळू. तमिळमध्ये ‘कुडी’ या शब्दाला घर, कुटुंब, वस्ती आणि त्या वस्तीत राहणारी माणसे असे अनेक अर्थ आहेत. कारैकुडी, मन्नारगुडी, परमकुडी, तूतुकुडी अशी कितीतरी गावे या शब्दाने ओळखली जातात. याच शब्दापासून ‘कुडिमगन’ म्हणजे नागरिक हा शब्द तयार झाला. प्रजासत्ताकाला तमिळमध्ये ‘कुडियरसु’ म्हणतात. अरसु म्हणजे राज्य. ज्या शब्दाने चार घरांची वस्ती सांगितली जात होती, त्याच शब्दाने आज २६ जानेवारीचा राष्ट्रीय सण ओळखला जातो. गावापासून गणराज्यापर्यंतचा हा प्रवास एका लहान शब्दाने केला आहे.

मराठीतही ‘कुडी’ शब्द आहे. आपण देहाला कुडी म्हणतो. जीव कुडीत राहतो आणि माणूस गावात राहतो, असे म्हणून या दोन शब्दांची गाठ घालण्याचा मोह होतो. परंतु केवळ ध्वनी सारखा आहे म्हणून अर्थ किंवा मूळही एक आहे, असे मानता येत नाही. पेरुंगुडीतला ‘पेरु’ जसा आपल्या पेरूचा नव्हे, तसेच हेही. नावांचा अभ्यास करताना ही सावधगिरी बाळगावी लागते. मात्र काही ठिकाणी साम्य खरेही असते. पेरुंगुडीला लागूनच कंदनचावडी नावाचा भाग आहे. ही ‘चावडी’ आपल्या ओळखीची आहे. आपल्याकडे चावडी म्हणजे गावचा कारभार चालण्याची जागा. तमिळमध्ये ती वाटसरूंनी विसावण्याची जागा आणि जकात घेण्याचे ठिकाणही. हजार किलोमीटरहून दूर गेलेल्या मराठी मुलाला बसच्या पाटीवर आपल्या गावातला शब्द भेटतो, तेव्हा त्याला परके शहर थोडे कमी परके वाटते.

आज मात्र पेरुंगुडी हे नावापुरतेच गाव उरले आहे. जुन्या महाबलिपुरम रस्त्यावर संगणक उद्योग वाढला, तशा भाताच्या शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. २००७ मध्ये उन्नत लोहमार्गावर पेरुंगुडी स्थानक सुरू झाले. २०११ मध्ये हे गाव चेन्नई महानगरपालिकेत सामील झाले. आपल्या पुण्याजवळच्या हिंजवडीची कथा याहून फार वेगळी नाही. तेथील माहिती तंत्रज्ञान नगरीला राजीव गांधी यांचे नाव आहे आणि पेरुंगुडीवरून जाणाऱ्या रस्त्यालाही त्यांचेच नाव आहे. तरीसुद्धा लोक बोलताना ‘हिंजवडीला जातो’ आणि ‘पेरुंगुडीला उतरतो’ असेच म्हणतात. पाटीवरचे नाव सरकार देते. ओठांवरचे नाव मात्र गावच टिकवते.

नाव टिकले म्हणजे गाव टिकले असे नाही. उलट कित्येकदा गाव हरवते आणि नाव तेवढे साक्षीदार म्हणून मागे राहते. मुंबईत धोबी तलाव आहे, तलाव नाही. चेन्नईच्या पश्चिम मांबलम भागात लेक व्ह्यू रोड आहे. तेथून तळे दिसत नाही. कारण १९२०च्या दशकात तेथला मोठा तलाव बुजवून त्यागराय नगर वसवले गेले. अशी नावे पाण्याची आठवण सांगतात. जमिनीचा सखलपणा कागदावरून पुसता येतो, जमिनीवरून पुसता येत नाही. पाऊस आला की पाणी आपली जुनी जागा शोधत येते. ज्या गावाच्या नावात तळे, झरा, ओढा किंवा डोह आहे, तेथे घर बांधण्यापूर्वी नावाला एकदा विचारावे. नगररचनेचा नकाशा काढणाऱ्यांनी तरी विचारावेच.

पेरुंगुडीच्या बाबतीत ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन कळली. गावाला लागून पल्लिकरणै नावाची विस्तीर्ण पाणथळ जमीन आहे. पावसाचे पाणी साठवणे, ते समुद्राकडे सावकाश सोडणे, पक्ष्यांना आसरा देणे हे तिचे काम. एके काळी ती आजच्यापेक्षा कितीतरी मोठी होती. तिच्यावर रस्ते झाले, इमारती झाल्या आणि याच पाणथळीच्या एका भागात दक्षिण चेन्नईचा कचरा अनेक दशके येऊन पडत राहिला. जगभर त्या जागेचा उल्लेख ‘पेरुंगुडी कचरा डेपो’ असाच होऊ लागला. ‘मोठे गाव’ असा ज्याच्या नावाचा अर्थ, त्या गावाचे नाव घेताच लोकांना दुर्गंधी आठवू लागली. २०२२ मध्ये पल्लिकरणैच्या सुमारे १,२४८ हेक्टर क्षेत्राला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले. साठलेला कचरा उपसून वेगळा करण्याचे कामही अलीकडच्या वर्षांत हाती घेण्यात आले. हे चांगलेच झाले. पण एका गावाचे नाव कचऱ्याला चिकटवताना त्या गावाला कोणी विचारले होते का, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न आपल्यालाही टाळता येणार नाही. पुणे जिल्ह्यात दोन उरुळी आहेत. एक उरुळी कांचन, दुसरी उरुळी देवाची. उरुळी कांचनला १९४६ मध्ये महात्मा गांधी राहिले आणि तेथे निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. त्यामुळे ते नाव देशभर आदराने घेतले गेले. उरुळी देवाची आणि शेजारचे फुरसुंगी यांच्या वाट्याला मात्र पुणे शहराचा कचरा आला. ज्या गावाच्या नावात ‘देवाची’ असा शब्द आहे, त्या गावातील माणसांना पिण्याच्या पाण्यासाठी आणि स्वच्छ हवेसाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. गावाचे नाव खराब होते ते त्याच्या अक्षरांमुळे नव्हे. आपण त्या गावाला कसे वागवतो, त्यामुळे होते.

कोणी म्हणेल, नावाचा एवढा विचार कशाला? नाव म्हणजे पत्त्याची सोय. हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण सोय म्हणून पाहिले, तरी नावाचे महत्त्व कमी होत नाही. शिक्षण अर्ध्यावर सोडून पुन्हा सुरू करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हा अनुभव आला असेल. शाळेच्या दाखल्यावर गावाचे नाव एका प्रकारे लिहिलेले, शिधापत्रिकेवर दुसऱ्या प्रकारे आणि आधारपत्रावर तिसऱ्याच प्रकारे. बुद्रुकच्या जागी खुर्द लिहिले गेले, तर पत्र शेजारच्या गावी जाते आणि अर्ज परत येतो. मग ‘दोन्ही नावांचे गाव एकच आहे’ असे प्रतिज्ञापत्र करण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जावे लागते. लिहिणाऱ्या कारकुनाला जी एका अक्षराची चूक वाटते, ती सोसणाऱ्याला एका दिवसाच्या भाकरीइतकी पडते.

सारख्या नावांचा हा गोंधळ दूर करण्यासाठीच आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन क्रमांकाची पद्धत सुरू झाली. ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ टपाल खात्यातील अधिकारी होते आणि संस्कृतचे नामवंत कवीही होते. शब्दांवर प्रेम करणाऱ्या माणसाने गावांना अंक दिले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. त्यांनी नावे काढून टाकली नाहीत. नावांना अंकांचा आधार दिला. पेरुंगुडीचा पिन क्रमांक ६०००९६ आहे. त्या अंकाने पत्र बरोबर पोहोचते. पण कोणी "तुझे गाव कोणते?" असे विचारले, तर उत्तरादाखल आपण सहा अंक सांगत नाही.

आता नावे बदलण्याच्या प्रश्नाकडे येऊ. येथे दोन टोकाची मते ऐकू येतात. जुने ते सगळे जपावे, असे एक मत. न आवडलेले प्रत्येक नाव बदलून टाकावे, असे दुसरे. मला दोन्ही मते अपुरी वाटतात.

जून २०२० मध्ये तमिळनाडू सरकारने १,०१८ गावांच्या व ठिकाणांच्या नावांचे इंग्रजी लेखन तमिळ उच्चाराप्रमाणे बदलण्याचा आदेश प्रसिद्ध केला. हेतू चांगला होता. परक्या राज्यकर्त्यांना जसे ऐकू आले तसे त्यांनी लिहिले आणि तेच लेखन पुढे रूढ झाले. तूतुकुडीचे तुतिकोरिन झाले, तंजावरचे टँजोर झाले. ते सुधारावे, ही इच्छा स्वाभाविक होती. पण नवी अक्षरजुळणी ठरवताना एकसूत्रीपणा राहिला नाही, अनेकांनी आक्षेप घेतले आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घ्यावा लागला. बोध असा की, नाव दुरुस्त करणेसुद्धा नाव ठेवण्याइतकेच जोखमीचे काम आहे. ते भाषा जाणणारे आणि गावात राहणारे, या दोघांना बरोबर घेऊन करायला हवे.

दुसरीकडे अशीही नावे आहेत की, जी जपण्याचा आग्रह धरणे म्हणजे अन्यायाला वारसा म्हणणे होय. महाराष्ट्रातील असंख्य गावांत वस्त्यांची नावे जातींवरून पडली. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती अशी नावे केवळ दिशा दाखवण्यासाठी नव्हती. कोणी गावाच्या आत राहायचे आणि कोणी वेशीबाहेर, कोणी कोणत्या पाणवठ्यावर जायचे, हे ती नावे सांगत होती. शाळेत पत्ता सांगताना त्या वस्तीतील मुलाची मान खाली जात असे. नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताच त्याची जात वाचली जात असे. अशा नावाला ‘परंपरा’ म्हणून जपा, असे सांगण्याचा अधिकार, ते नाव ज्याला कधी सोसावे लागले नाही त्याला नाही.

म्हणूनच डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा जो निर्णय घेतला, तो मला योग्य वाटतो. त्या नावांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत, असे सुचवण्यात आले. तमिळनाडूतही दलित वस्त्यांसाठी वापरला जाणारा ‘कॉलनी’ हा शब्द तुच्छतेचा झाल्यामुळे सरकारी कागदपत्रांतून तो काढून टाकण्याची घोषणा एप्रिल २०२५ मध्ये विधानसभेत झाली. आपल्या शहरांत ‘कॉलनी’ म्हणजे प्रतिष्ठित वसाहत. तेथे तोच शब्द हिणवण्याचा. शब्द स्वतः मोठा किंवा हीन नसतो. समाज त्याच्यात जे भरतो, तेच त्याच्यातून बाहेर येते.

मात्र येथेही एक इशारा द्यावासा वाटतो. पाटी बदलणे सोपे आहे. समतानगर अशी पाटी लागली आणि नळाचे पाणी मात्र अजूनही वेशीपर्यंतच येऊन थांबले, तर ते समतानगरही नावापुरतेच राहील. नव्या नावाबरोबर पाणी, रस्ता, दिवा आणि शेजारधर्म हेही वस्तीत पोहोचले पाहिजेत. नाहीतर काही वर्षांनी त्या नव्या नावालाच लोक जुन्या सुरात उच्चारू लागतील.

मग कोणते नाव ठेवावे आणि कोणते बदलावे, याची कसोटी कोणती? मला वाटते, दोन प्रश्न विचारावेत. हे नाव कोणी दिले? आणि त्याचे ओझे कोण वाहतो? अहिल्यानगर जिल्ह्यात उंदीरगाव आहे, म्हैसगाव आहे. बाहेरच्याला ही नावे ऐकून हसू येईल. पण त्यांत कोणाचा अपमान नाही. अशी नावे खुशाल राहावीत. ती भाषेची गंमत आहेत आणि गावाची ओळखही. परंतु ज्या नावामुळे एखाद्या माणसाला मान खाली घालावी लागते, ते नाव बदलण्याचा पहिला हक्क त्या माणसाचा आहे.

दूरच्या ऑस्ट्रेलियाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तेथील मूळ रहिवाशांनी डोंगरांना, नद्यांना, वस्त्यांना आपल्या भाषांत नावे दिली होती. गोऱ्या वसाहतवाल्यांनी काही नावे मोडक्यातोडक्या उच्चारांत ठेवली आणि काही पुसली. देशाच्या मध्यभागी असलेल्या उलुरु या प्रचंड शिळेला १८७३ मध्ये ‘एअर्स रॉक’ हे एका राजकारण्याचे नाव देण्यात आले. १९९३ मध्ये दोन्ही नावे एकत्र लिहिण्यास सुरुवात झाली आणि २००२ मध्ये उलुरु हे नाव आधी लिहिले जाऊ लागले. वागा वागा नावाच्या शहराची गोष्ट अधिक बोलकी आहे. त्या नावाचा अर्थ ‘पुष्कळ कावळ्यांची जागा’ असा कित्येक वर्षे सांगितला जात होता. विराजुरी समाजातील वडीलधारी माणसे मात्र त्याचा अर्थ नृत्यांशी आणि उत्सवांशी जोडत होती. अखेर २०१९ मध्ये तेथील नगरपालिकेने त्यांचा अर्थ स्वीकारला. नाव तेच राहिले, अक्षरही बदलले नाही. बदलले ते एवढेच की, ज्यांचे नाव त्यांना अर्थ विचारला गेला.

आपणही हे करू शकतो. त्यासाठी मोठ्या पदवीची गरज नाही. आपल्या गावातील, वाडीतील, गल्लीतील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे आणि विचारावे, "या जागेला हे नाव का पडले?" एकाच नावाच्या दोन-तीन कथा ऐकायला मिळतील. त्यातली एखादी देवाची असेल, एखादी झाडाची, एखादी दुष्काळाची. सगळ्या लिहून घ्याव्यात. कोणती खरी, हे लगेच ठरवण्याची घाई करू नये. शेतांनाही नावे असतात, विहिरींना असतात, वळणांना असतात. ती सातबाऱ्यावर नसतात. ती ज्यांना ठाऊक आहेत, ती माणसे एकेक करून जात आहेत. ज्याने नुकतेच लिहायला शिकले आहे, त्याच्या हातून लिहून होण्याजोगे याहून मोलाचे काम मला तरी सुचत नाही.

माझा भाचा आता पेरुंगुडीत स्थिरावला आहे. मध्यंतरी सुट्टीत घरी आला तेव्हा आजीला म्हणाला, "आमच्या कार्यालयाबाहेर चहा विकणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. इमारत उभी आहे तिथे त्यांच्या लहानपणी भात पिकत होता. त्यांना मी सांगितले की, माझ्या आजीचे गावही पेरुंगुडीच आहे. फक्त आमच्याकडे त्याला बुद्रुक म्हणतात. ते खूप वेळ हसले. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत."

आईने विचारले, "त्यांचं शेत कुणी घेतलं, ते नाही विचारलंस?"

भाच्याने ते विचारले नव्हते. गावाच्या नावाचा अर्थ कळल्यानंतर विचारायचा प्रश्न खरे तर हाच असतो.